जाखडीचा फेर आणि कोकणातली तरुण पिढी

जाखडी हा रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या वाड्यावस्त्यांचा गणपतीतला नाच. मधोमध शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाले बसतात. त्यांच्याभोवती आठेक जण फेर धरतात. प्रत्येकाच्या एका पायात घुंगरांचा चाळ असतो आणि ढोलकीची लय चढेल तसा पाय आपटण्याचा जोरही चढतो. यालाच बाल्या नाच म्हणतात, काही भागांत चेऊलीही म्हणतात. फेरातली पोरे बहुतेक कॉलेजातली, नाहीतर नुकतीच नोकरीला लागलेली. गावाकडच्या तरुणांनी लोककलांकडे पाठ फिरवली असे सरसकट म्हणणाऱ्याने भाद्रपदात संगमेश्वर किंवा गुहागर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत एक रात्र काढावी.

मात्र त्याच कोकणात काही कला एका पिढीच्या डोळ्यांदेखत विरूनही गेल्या. पोरे एक कला उचलून धरतात आणि दुसरी सोडून देतात, ते केवळ आवडीनिवडीमुळे नव्हे. शेतीचे वेळापत्रक, मुंबईची रजा, शेजारच्या वाडीशी असलेली चुरस आणि हातात पडणारी बिदागी यांचा त्यात मोठा वाटा असतो.

कोकणातल्या भाताची लावणी आषाढाच्या सुमारास उरकते आणि कापणी आश्विनात येते. मधल्या दिवसांत बेणणी सोडली तर शेतात फारसे काम नसते. श्रावणात जाखडीची तालीम सुरू होते ती या उसंतीत. कापणी-मळणी झाली की कार्तिकापासून जत्रा लागतात आणि दशावतारी कंपन्या बाहेर पडतात. फाल्गुनात शेते मोकळी असताना शिमगा येतो, पालख्या निघतात, नमन-खेळे रंगतात. प्रत्येक कलेला वर्षातला आपला काळ आणि आपले दैवत ठरलेले आहे. ‘यंदा कार्यक्रम करायचा का?’ हा प्रश्नच गावात उठत नाही. गणपती आले की नाच होणारच, आणि त्यासाठी माणसे जमवावीच लागतात.

जाखडीचा वर्ग नसतो. लहान पोरे आधी फेराच्या बाहेर, मोठ्यांच्या मागे नाचतात. कुणी आजारी पडला, कुणाला रजा मिळाली नाही, की त्या पोरांतला एक जण आत घेतला जातो. गळा बरा असेल तर तो झील धरायला, म्हणजे शाहिरामागून ध्रुपद ओढायला बसतो, हात चालत असेल तर ढोलकीच्या आसपास घुटमळतो. चुकले तर मोठी माणसे तिथल्या तिथे खडसावतात, आणि पुढच्या घरी तोच नाच पुन्हा असतो. गणपतीच्या दिवसांत मंडळी घरोघर फिरतात. प्रत्येक अंगणात नाच, गाणे, मग नारळ, दक्षिणा, चहा आणि पुढचे घर. एका रात्रीत पोराला जेवढा सराव मिळतो तेवढा महिनाभराच्या शिबिरात मिळणे कठीण. नवशिक्याला लोकांसमोर चुकत शिकण्याची जागा देणे, ही या पद्धतीची खरी ताकद. शिक्षणाच्या दृष्टीने तिच्याकडे फारसे कुणी पाहिलेले नाही.

त्यात चुरशीची भर पडते. जाखडीचे गाणे कलगी-तुऱ्याच्या जुन्या परंपरेतून आलेले आहे. कोकणात त्याला शक्ती-तुरा म्हणतात. शक्तीवाले प्रकृतीला, म्हणजे पार्वतीला श्रेष्ठ मानतात आणि तुरेवाले शिवाला. एकमेकांसमोर उभे राहिले की गण आणि गवळण होते, मग सवाल-जवाब सुरू होतात. प्रतिपक्षाने पुराणातला एखादा पेच टाकला की त्याचे उत्तर पद्यातच द्यायचे. त्यासाठी शाहिराला पांडवप्रताप, हरिविजय, शिवलीलामृत यांसारख्या पोथ्या वाचाव्या लागतात. प्रत्येक शाहिराला गुरू असतो आणि कवनाच्या शेवटी गुरूचे नाव गुंफले जाते. हरलेल्या बाजूला वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. विशीतल्या पोराला पोथी उघडायला लावण्याचा याहून खात्रीचा उपाय सापडणे अवघड आहे.

जाखडीचे निम्मे घर मुंबईत आहे. रत्नागिरीतला कुणबी तरुण दीडशेएक वर्षांपासून मुंबईला जातो आहे. गिरणगावात एकेका गावाच्या सामाईक खोल्या होत्या. लालबाग-परळच्या चाळींत गावकीची पोरे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि रात्री तालीम करत. गावची मंडळे मुंबईत स्थापन झाली, त्यांच्या वर्गणीतून गावातली देवळे बांधली गेली. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांचे जग ढासळले आणि वस्ती दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरारकडे सरकली. तालमी मात्र थांबल्या नाहीत. परळचे दामोदर नाट्यगृह अनेक वर्षे शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांचे ठिकाण होते. तिकीट लावून सामना करायचा आणि जमलेला पैसा वाडीच्या मंदिराला किंवा मंडळाच्या निधीला द्यायचा, ही रीत अजून चालू आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. चाकरमान्याचे गावी येणे त्यामुळे पूर्वीपेक्षा सोपे झाले, तरी गणपतीतल्या गाडीचे आरक्षण मिळवणे हीसुद्धा एक कलाच होऊन बसली आहे. कोकणातल्या ‘ग्रामीण तरुणा’विषयी बोलताना तो वर्षातले दहा-अकरा महिने शहरात राहतो, हे धरूनच बोलावे लागते. लोककला त्याला गावाशी बांधते. रजा देणारा मालक न मिळाल्यास तो नोकरी सोडून येतो, अशा गोष्टी कोकणात कौतुकाने सांगितल्या जातात.

शिमग्यातले नमन याच मंडळींचे, पण त्याचा बाज वेगळा. ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते आणि तिच्याबरोबर खेळे फिरतात. मृदंगाच्या तालावर आधी देवादिकांना नमन, मग गणपती आणि संकासुरासारखी सोंगे, गवळण, आणि शेवटी एखादे वगनाट्य. इथे मानपानाला महत्त्व फार. कोणत्या घराण्याने पालखी उचलायची, कुणाच्या दारी ती आधी न्यायची, हे ठरलेले असते आणि त्यावरून भांडणेही होतात. गावचा वाद वाढला की पालखी थांबते आणि तिच्याबरोबर खेळेही थांबतात. नमनाचा रंगमंचावरचा अवतार ‘बहुरंगी नमन’ या नावाने मुंबईच्या नाट्यगृहांत होतो. त्यात प्रकाशयोजना आली, नेपथ्य आले, आणि पूर्वी पुरुषच करत असलेल्या गवळणीच्या भूमिकांत मुली आल्या. जुन्या खेळ्यांना तो झगमगाट रुचत नाही. मात्र मुलींना या कलेत शिरायला वाट मिळाली ती याच रंगमंचावरून.

सिंधुदुर्गात दशावतार, म्हणजे रात्रभर चालणारे पौराणिक लोकनाट्य, हे हंगामापुरते पूर्ण वेळचे काम आहे. पार्सेकर, मोचेमाडकर, आजगावकर, वालावलकर, खानोलकर अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या कंपन्या हंगामभर गावोगाव फिरतात. नाटक मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते. सुरुवातीच्या आडदशावतारात गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती आणि संकासुर येऊन जातात, मग पुराणातले आख्यान उभे राहते. पहाटे दहीकाला होतो. संहिता लिहिलेली नसते. आज कोणते आख्यान लावायचे ते ठरल्यावर नट आपापली भूमिका वाटून घेतात आणि संवाद रंगमंचावर जागेवरच रचतात. पखवाज, पायपेटी आणि झांज एवढ्याच साथीवर रात्र काढायची. अशा नाटकात नवा पोरगा पाठांतर करून उभा राहू शकत नाही. आधी त्याला ऋद्धी-सिद्धीसारखी छोटी कामे मिळतात, पुढे स्त्रीपार्ट किंवा राजपार्ट. समोरच्या ज्येष्ठाने अनपेक्षित वाक्य टाकले तर त्याला तोलामोलाचे उत्तर देता आले पाहिजे. रामायण-महाभारत, भाषेचा डौल आणि हजरजबाबीपणा या तिन्हींची परीक्षा रोज रात्री होते.

रात्री मुकुट घालून राजा झालेला नट सकाळी आपला पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावी चालत जाई, असे जुन्या दशावताराचे वर्णन केले जाते. आता कंपनीची गाडी असते. नटाला रात्रीच्या हिशेबाने पैसे मिळतात. नाव झालेल्या नटांना वेगवेगळ्या कंपन्यांतून एकत्र आणून ‘संयुक्त दशावतार’ केला जातो आणि त्याला गर्दी लोटते. ट्रिकसीनची नाटकेही वाढली. देवी प्रकटते, राक्षसाचे शिर उडते, आणि पोरे ते मोबाइलवर टिपतात. पावसाळ्यात मात्र रंगमंच बंद असतो. त्या चार महिन्यांत नट शेती करतो, रिक्षा चालवतो, गणपतीच्या शाळेत मूर्ती रंगवतो. पदवी घेतलेली मुले या कंपन्यांत दिसू लागली आहेत ही चांगली गोष्ट आहे. पण वर्षभराचे उत्पन्न आणि म्हातारपणाची सोय हे प्रश्न जुनेच आहेत, आणि लग्नाच्या बोलण्यांत ते हमखास निघतात. २०२५ मध्ये आलेल्या ‘दशावतार’ या मराठी चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी एक वृद्ध दशावतारी उभा केला. या कलेचे नावही न ऐकलेल्या शहरी प्रेक्षकापर्यंत ती त्यामुळे पोचली.

सिंधुदुर्गात तरुणांची सर्वांत मोठी गर्दी खेचते ती डबलबारी. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, प्रत्येकाबरोबर पेटी, पखवाज, झांज आणि कोरस. एकाची बारी झाली की दुसऱ्याची. अभंग, गजर, गवळण असा क्रम सांभाळून एकमेकांना चिमटे काढायचे, कोड्यांची उत्तरे द्यायची, आणि पखवाजवाल्यांनी आपापसांत वेगळाच सामना लढायचा. सत्यनारायणाची पूजा, जत्रा, नवरात्र, सार्वजनिक गणपती असे काहीही निमित्त चालते, म्हणून हंगाम जवळजवळ वर्षभराचा. तीन बुवांचा ‘तिरंगी सामना’ असतो. क्रिकेटवरून नाव घेतलेली ‘२०-२०’ डबलबारीही होते. महिला बुवांचे सामनेही आता गाजतात. यातून एक गोष्ट घडली, तिची नोंद फार कमी घेतली गेली. पखवाज शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या वाढली आणि कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या परिसरात पखवाजाचे वर्ग चालू लागले. भजनातून आलेला मुलगा पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतो. लोककलेने शास्त्रीय वाद्याला विद्यार्थी पुरवावेत, हे एरवी क्वचित घडते.

गोव्यातही मुलांना कलेत आणण्याची ही वाट भजनानेच दाखवली. कला अकादमी मनोहरबुवा शिरगावकर यांच्या नावाने राज्यभर भजन स्पर्धा घेते आणि तिच्यात महिला व बालकलाकारांचे स्वतंत्र विभाग असतात. बालविभाग असला की गावातल्या मंडळाला दहा-बारा वर्षांची मुले तयार करावीच लागतात. शिगम्याच्या, म्हणजे तिथल्या शिमग्याच्या बाबतीत गोव्याचा अनुभव संमिश्र आहे. शहरांतल्या शिगमो मिरवणुकांना बक्षिसे असतात, त्यामुळे रोमटामेळ आणि घोडेमोडणी या नाचांची पथके तरुणांनी भरलेली दिसतात. पण मिरवणूक प्रेक्षकासाठी असते आणि गावच्या मांडावरचा, म्हणजे विधीच्या ठरलेल्या जागेवरचा शिगमो देवासाठी. मिरवणुकीच्या तारखा मांडाच्या विधीवर आल्या की पोरांची ओढाताण होते. अशा वेळी बक्षिसाचे पारडे जड ठरते.

स्त्रियांच्या कलांची गोष्ट निराळी आहे. गौरी-गणपतीत फुगडी अजून रंगते, आणि सिंधुदुर्गात फुगडीच्या स्पर्धा होऊ लागल्यापासून सासू-सुना एका पथकात दिसतात. बचत गटांच्या बायका एकत्र येतात, त्यांतून पथके तयार होतात. जात्यावरची ओवी मात्र गेली. ती कुणी मोडून काढली नाही. गावात पिठाची गिरणी आली, पहाटेचे दळण संपले आणि गाणे म्हणायची वेळच उरली नाही. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या अनेक आज वाचता आणि ऐकता येतात. जगात क्वचित कुठे झाले असेल असे हे काम आहे. तरीही त्या संग्रहातून ओवी पुन्हा कुणाच्या तोंडी रुळलेली नाही. ध्वनिमुद्रण कलेची आठवण जपते. ती गाणारा गळा तयार करायचा तर त्या गाण्याला दिवसातली एखादी वेळ पुन्हा मिळावी लागते.

कुडाळजवळच्या पिंगुळी गावातले ठाकर आदिवासी कलावंत कलेची ठरलेली वेळ हातची जाण्याच्या याच अडचणीतून गेले. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रे दाखवत कथा सांगणारी चित्रकथी या त्यांच्या कला. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता, आणि देवळांतून खेळ करायची गावे घराण्यांना वाटून दिलेली होती. संस्थान गेले, देवळातली रात्र दशावताराने आणि पुढे सिनेमाच्या पडद्याने घेतली. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या कलांचे छोटे संग्रहालय उभे केले आणि मुलांना बाहुल्या नाचवायला शिकवले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज पिंगुळीत बाहेरून पाहुणे आणि विद्यार्थी येतात, कार्यशाळा होतात, चित्रे विकली जातात. कला जगली, पण तिचा प्रेक्षक बदलला. पूर्वी ती गावासमोर होत असे, आता मुख्यतः पाहुण्यासमोर होते. त्यामुळे तिच्यासाठी पुढची पिढी बहुतांशी एखाद-दुसऱ्या घरातूनच मिळते, आणि त्या घराने नाही म्हटले तर दुसरी वाडी नाही. जाखडीला तशी भीती कमी, कारण एक वाडी थकली तर शेजारची असते.

काही तरुणांनी परंपरा सोडली ती विचारपूर्वक, हेही नमूद करायला हवे. गावगाड्यात अनेक वाद्ये आणि सोंगे जातीने वाटून दिलेली होती. सणाला वाजवणे हे काहींसाठी मानाचे होते, तर काहींसाठी वेठीचे. १९५६ च्या बौद्ध धर्मांतराच्या आगेमागे पूर्वाश्रमीच्या महार समाजाने गावकीची अशी कामे नाकारली आणि आंबेडकरी जलसे, भीमगीते यांतून स्वतःचे गाणे उभे केले. त्या नकाराला कलेचे नुकसान म्हणून हळहळणे हा कोडगेपणा ठरेल. लोककला वाचवण्याच्या गप्पांत हा भाग सोयीस्कर गाळला जातो.

सरकारी आणि शैक्षणिक प्रयत्न या सगळ्याच्या कडेने चालतात. सांस्कृतिक कार्य संचालनालय प्रशिक्षण शिबिरे आणि महोत्सव घेते, ज्येष्ठ कलावंतांना दरमहा मानधन देते. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लोककलांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. उदयपूरचे पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र महाराष्ट्र आणि गोव्यातल्या पथकांना बाहेरच्या राज्यांत नेते. मानधन उपयोगी आहेच, पण ते कलावंताच्या उतारवयात मिळते. त्याला खरी गरज असते ती विशी-पंचविशीत, नोकरी की कंपनी हे ठरवायच्या वेळी. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात लोकनृत्याला साधारण दहा मिनिटे मिळतात. तेवढ्यात रात्रभराची जाखडी बसवायची तर सवाल-जवाब गळतात आणि मनोरे, झेंडे, उड्या उरतात. तरी या महोत्सवांनी एक काम केले: गावचा नाच कॉलेजात सांगायला लाजणाऱ्या मुलाला त्याच नाचासाठी टाळ्या मिळाल्या.

मोबाइलबद्दल तक्रार सगळेच करतात. प्रत्यक्षात जाखडी आणि डबलबारी यूट्यूबवर भरभरून आहेत, सामन्यांचे थेट प्रक्षेपण होते आणि परदेशी जहाजावर काम करणारा पोरगाही ते पाहतो. चालींबद्दलची तक्रार जुनीच आहे. सिनेमाच्या चाली शाहिरांनी बोलपटाच्या काळापासून उचलल्या, त्यामुळे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले म्हणून कला बुडेल असे मानायचे कारण नाही. खरे नुकसान दुसरीकडे आहे. कॅमेऱ्यात झटपट चालते ती टोमणेबाजी, प्रसंगी द्व्यर्थी. पुराणातला पेच सोडवायला अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ पाहणारा थांबत नाही. असे पेच मांडणारी भेदिक कवने रचणारे शाहीर कमी होत आहेत, आणि त्यांच्या वह्या बहुतेक घरांत माळ्यावर पडून आहेत. या वह्या उतरवून घेण्याचे काम गावच्या मंडळांना स्वतःच्या बळावर करता येण्याजोगे आहे.

२०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या साथीमुळे जत्रा, शिमगा, गणपती यांवर बंधने आली आणि दशावतारी कंपन्यांचे हंगाम बुडाले. बंधने उठताच हे सगळे पुन्हा उभे राहिले, कारण त्यांचे दिवस पंचांगात होतेच.

आता अडचण माणसांची आहे. वाड्यांतली घरे कुलपात आहेत, कुटुंबे लहान झाली आहेत आणि मुंबईतल्या तिसऱ्या पिढीला गावी यायला दोन दिवसांचीच सुट्टी मिळते. एका वाडीत आठ पोरे जमत नाहीत तेव्हा दोन-तीन वाड्या मिळून एक नाच करतात. त्यासाठी कधीकाळची भाऊबंदकी बाजूला ठेवावी लागते. काही गावांत मुलींचे स्वतंत्र जाखडी नाच उभे राहिले आहेत. त्यांना घरोघर फिरता येत नसे म्हणून सुरुवातीला मंडपातच नाचवले जाई. आता त्या अंगणांतही जातात, आणि नारळ-दक्षिणा पोरांइतकीच घेतात.